विश्लेषण : घरातल्या रेल्वेसाठी इंजिन निवडताना वेग नव्हे, संथपणा का तपासावा?

पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. १९९८ पासून सुरू असलेल्या या संग्रहालयात एकाच वेळी अनेक छोट्या गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, सांधे सरकतात. ते पाहून बाहेर पडताना ‘असे काही आपल्या घरी करता येईल का?’ हा विचार अनेकांच्या मनात येतो. करता येते. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर एक टुमदार स्टेशन, एक यार्ड आणि गोल फिरणारी गाडी सहज बसते. पण या छंदात बहुतेकांचे पैसे पहिल्याच खरेदीत चुकीच्या ठिकाणी जातात. ती खरेदी म्हणजे इंजिन.

नेमकी चूक कुठे होते?

इंजिन फोटो पाहून निवडले जाते. ओळखीचा रंग, दिव्यांचा झगमगाट, शिट्टीचा आवाज आणि ‘हाय स्पीड’ असे दोन शब्द खोक्यावर असले की सौदा ठरतो. घरी आणल्यावर इंजिन कंट्रोलरची कळ अर्धी फिरवेपर्यंत हलत नाही आणि मग एकदम उडी मारून पळत सुटते. सांध्यावर थांबते. बोटाने ढकलले की चालते. आठवडाभर हा ढकलण्याचा खेळ चालतो आणि मग खोका माळ्यावर जातो. मुलाने हट्ट करून घेतलेले असेल तर ‘तुला यातले काही जमत नाही’ हे ऐकावे लागते. खरे तर न जमलेले काम इंजिनाचे असते.

म्हणून पहिले इंजिन निवडताना एकच कसोटी सर्वांत वर ठेवायला हवी : ते किती हळू चालू शकते? रंग, आवाज, तपशील, ब्रँड हे सगळे त्यानंतर.

संथपणा हीच परीक्षा का?

यामागे साधे गणित आहे. सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ या मापात खऱ्या रेल्वेचा आकार ८७ पटींनी लहान केलेला असतो. अंतर ८७ पटींनी लहान झाले की वेगही त्याच हिशेबाने मोजावा लागतो. एखाद्या एचओ इंजिनाने ३० सेंटीमीटर अंतर एका सेकंदात कापले, तर त्याचा प्रमाणातला वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर होतो. हे कोणत्याही स्वस्त खेळण्याला जमते. शिवाय या वेगाने आठ फुटांचे टेबल आठ सेकंदांत संपते. मग पाहायला उरते काय?

तेच ३० सेंटीमीटर अंतर इंजिनाने २० सेकंदांत, न अडखळता, न थांबता कापले तर वेग होतो ताशी साधारण पावणेपाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीचा. खरे इंजिन डब्यांना जोडायला येते, यार्डात शंटिंग करते, फलाटावर थांबते ते याच किंवा याच्या जवळपासच्या वेगाने. घरच्या रेल्वेतली सगळी गंमत याच हालचालींमध्ये आहे. लांब पल्ल्याची धाव घ्यायला घरात जागाच नसते.

परीक्षा कशी घ्यायची? रुळाशेजारी ३० सेंटीमीटरवर दोन खुणा कराव्यात, कंट्रोलर अगदी सावकाश वाढवावा, इंजिन हलू लागताच तिथेच थांबावे आणि मोबाइलवर वेळ मोजावी. २० सेकंद किंवा त्याहून जास्त लागले आणि चाल एकसारखी राहिली तर इंजिन उत्तम. सात-आठ सेकंदांपेक्षा हळू चालायला ते तयारच नसेल तर यार्डात त्याचा उपयोग नाही. ही चाचणी दोन्ही दिशांनी घ्यावी, कारण काही इंजिने पुढे नीट चालतात आणि मागे कुरकुरतात. कानही उघडे ठेवावेत. हलकी गुणगुण चालते. मिक्सरसारखी घरघर किंवा ठरावीक अंतराने होणारी ‘टक-टक’ चालत नाही. ऑनलाइन खरेदी असेल तर विक्रेत्याकडे याच चाचणीचा व्हिडीओ मागावा. तो द्यायला टाळाटाळ होत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

इंजिनाच्या पोटात काय असावे?

संथ आणि सलग चाल ही चार-पाच गोष्टींतून येते. पहिली म्हणजे मोटर. आतल्या फिरत्या भागाला तीन ध्रुव असतील तर कमी वेगात झटके जाणवतात. पाच ध्रुवांची मोटर अधिक मऊ चालते. दुसरी गोष्ट फ्लायव्हील, म्हणजे मोटरच्या दांड्यावर बसवलेले पितळेचे जड चाक. रुळावरच्या धुळीमुळे क्षणभर वीज तुटली तरी या चाकाच्या गतीमुळे इंजिन पुढे सरकते आणि सुरू होताना, थांबताना झटका बसत नाही.

तिसरी गोष्ट चाके. मोटरची ताकद सर्व चाकांना मिळते का आणि सर्व चाके रुळांतून वीज उचलतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींचे उत्तर ‘हो’ असायला हवे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ आणि ‘ऑल-व्हील पिकअप’ हे शब्द शोधावेत. गोंडस दिसणारे चार चाकांचे छोटे इंजिन नवशिक्याला स्वस्त आणि मस्त वाटते. पण त्याची प्रत्येक बाजूला दोनच चाके असतात. सांध्याच्या मधला भाग अनेकदा प्लॅस्टिकचा असतो आणि तिथे वीज नसते. एक चाक प्लॅस्टिकवर, दुसऱ्याखाली धूळ, की इंजिन जागच्या जागी उभे. आठ चाकांच्या इंजिनावर ही वेळ क्वचित येते.

चौथी गोष्ट वजन. धातूची जड चौकट असलेल्या इंजिनाची चाके रुळाला घट्ट चिकटतात, त्यामुळे ओढण्याची ताकदही वाढते आणि वीजही नीट मिळते. काही कंपन्या ओढ वाढवण्यासाठी एक-दोन चाकांना रबरी कडे बसवतात. त्याने चढावर मदत होते, पण रबरातून वीज वाहत नाही, म्हणजे तितकी चाके वीज उचलण्याच्या कामातून बाद होतात.

घरात घाट करायचा असेल तर वजनाचा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. कर्जतहून लोणावळ्याकडे भोर घाटात चढण ३७ मीटरला एक मीटर इतकी आहे आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही मागून बँकर इंजिने लावावी लागतात. एचओ मापात एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर साधारण साडेसात सेंटीमीटर उंची गाठावी लागते. ४० ला एक असा तीव्र चढ ठेवला तरी त्यासाठी तीन मीटर रूळ लागतो. हलके इंजिन इथे चाके फिरवत जागेवरच उभे राहते.

आधी जागा मोजावी की आधी इंजिन घ्यावे?

आधी जागा. घरगुती मांडणीत सर्वांत निर्दय गोष्ट म्हणजे वळण. भारतीय ब्रॉडगेजवर मुख्य मार्गाचे सर्वांत तीव्र वळण १० अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे असते. ८७ ने भागले तर एचओमध्ये ही त्रिज्या दोन मीटर भरते. म्हणजे अर्धे वळण घ्यायलाच चार मीटर रुंदीची खोली हवी! प्रत्यक्षात घरच्या संचात १८ इंच त्रिज्येचे वळण मिळते आणि चार फुटी प्लायवर जास्तीत जास्त २२ इंचांचे बसते. खऱ्या रेल्वेच्या सर्वांत तीव्र वळणापेक्षाही हे तीन-चार पट तीव्र आहे.

याचा थेट परिणाम इंजिनाच्या निवडीवर होतो. चार अॅक्सलची, म्हणजे आठ चाकांची डिझेल इंजिने १८ इंचांच्या वळणावर साधारणपणे आरामात फिरतात. सहा अॅक्सलच्या लांब इंजिनांना किमान २२ इंच लागतात आणि त्याहून जास्त मिळाले तर बरे. मोठी वाफेची इंजिने तर आणखी जागा मागतात. ‘किमान त्रिज्या’ हा आकडा माहितीपत्रकात दिलेला असतो. तो न पाहता घेतलेले महागडे इंजिन रुळावरून घसरत राहते आणि दोष मात्र रुळांना दिला जातो.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आठ बाय चारचे टेबलही कायमचे मांडता येईलच असे नाही. अशा घरांसाठी ‘एन’ हे माप जास्त व्यवहार्य आहे. त्यात आकार १६० पटींनी लहान आणि रुळांची रुंदी ९ मिलिमीटर असते. दोन फूट रुंद फळीवर पूर्ण वर्तुळ बसते आणि ती फळी पलंगाखाली जाते. सुमारे १७ मीटर लांबीचे डिझेल इंजिन एचओमध्ये २० सेंटीमीटरचे होते, एनमध्ये ११ सेंटीमीटरचेही होत नाही. जपानी कंपन्यांची एन मापातली इंजिने संथ चालीसाठी नावाजलेली आहेत. अडचण एवढीच की इतक्या लहान चाकांना धूळ जास्त सतावते, त्यामुळे रूळ पुसण्याचे काम वाढते.

भारतीय इंजिनच हवे असेल तर?

ही इच्छा स्वाभाविक आहे. ज्याने लहानपणी कल्याण किंवा मनमाडच्या फलाटावर डिझेलचा धडधडाट ऐकला, त्याला जर्मन किंवा अमेरिकन इंजिनाचे काय कौतुक? पण इथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

एक, गेज. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात, कारण ते परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले आहेत. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची आहे. तिचे खरे रूप एचओमध्ये १९ मिलिमीटरच्या थोडे वर जाते. त्यामुळे भारतीय मॉडेल इंजिन प्रमाणापेक्षा अरुंद रुळांवर उभे असते. हा तडजोडीचा मामला नवा नाही. ब्रिटनमधले लोकप्रिय ‘ओओ’ माप ७६ पटींचे असूनही याच १६.५ मिलिमीटर रुळांवर वर्षानुवर्षे चालत आले आहे.

दोन, चाके. डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूडीजी-४, डब्ल्यूएपी-७ ही सर्व ओळखीची इंजिने सहा अॅक्सलची आहेत. म्हणजे भारतीय इंजिन हवे तर वळणही मोठे हवे. शिवाय सुमारे २२ मीटरचा प्रवासी डबा एचओमध्ये पाव मीटरचा होतो. १६ डब्यांची गाडी चार मीटरची, म्हणजे टेबलाच्या लांबीपेक्षा मोठी. घरी चार-पाच डब्यांवरच समाधान मानावे लागते.

तीन, आणि सर्वांत महत्त्वाची : यंत्रणा कोणाची? भारतीय इंजिनांची मॉडेल बहुतांशी लहान कार्यशाळांतून, थोड्या संख्येने तयार होतात. वरचे कवच सुबक असते. पण आतली चौकट आणि मोटर कधी नामवंत परदेशी बनावटीची, कधी स्वस्त खेळण्याची असते. विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न स्पष्ट आहेत. चौकट कोणत्या बनावटीची आहे? सर्व चाकांना ताकद मिळते का? गिअर बिघडला तर सुटा भाग मिळेल का? उत्तर समाधानकारक असेल तर या कारागिरांकडून जरूर घ्यावे. त्यांच्यामुळेच भारतीय रेल्वे या छंदात दिसते. पण शिकण्यासाठी पहिले इंजिन मोठ्या उत्पादकाचे आणि दुसरे आपल्या आवडीचे, हा क्रम खिशाला आणि मनाला जास्त मानवतो.

डीसी घ्यावे की डीसीसी?

जुन्या आणि सोप्या डीसी पद्धतीत रुळांतून शून्य ते साधारण १२ व्होल्टपर्यंत वीज सोडली जाते. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो, ध्रुव उलटे केले की इंजिन मागे जाते. एका रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदम धावतात. डीसीसी म्हणजे डिजिटल पद्धत. तिच्यात रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनातल्या छोट्या चिपला, म्हणजे डिकोडरला, वेगळा क्रमांक असतो. त्यामुळे एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालवता येतात. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या तंत्रावर आधारलेले हे मानक अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात स्वीकारले आणि मग ते जगभर पसरले.

पहिल्या खरेदीसाठी मधला मार्ग चांगला : ‘डीसीसी-रेडी’ इंजिन. त्यात डिकोडर नसतो, पण तो बसवण्याची जागा तयार असते. आज साध्या कंट्रोलरवर चालवावे, छंद टिकला तर उद्या डिकोडर बसवावा. ‘डीसीसी-रेडी’ आणि ‘डीसीसी-फिटेड’ या दोन शब्दांत गल्लत करू नये. दुसऱ्यात डिकोडर आधीच बसवलेला असतो. आवाजाच्या इंजिनाचा मोह सुरुवातीला टाळलेला बरा. आवाजामुळे किंमत बरीच वाढते, मात्र त्याने चाल सुधारत नाही.

परदेशातून मागवताना काय पाहावे?

अमेरिकेतल्या मामाने किंवा मुलीने येताना आख्खा संच आणणे, हा अनेक मराठी घरांतला रूढ मार्ग. त्यात पहिला धोका विजेचा. अमेरिकन संचातला पॉवर पॅक १२० व्होल्टसाठी असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावला तर जळतो. पॅकवर ‘१०० ते २४०’ असे लिहिलेले नसेल तर योग्य ट्रान्सफॉर्मर घ्यावा किंवा इथला कंट्रोलर वापरावा.

दुसरा धोका रुळांच्या पद्धतीचा. जर्मनीची मेर्कलिन ही १८५९ पासूनची नामांकित कंपनी. पण तिची एचओ इंजिने मधल्या तिसऱ्या संपर्कावर चालतात. ती नेहमीच्या दोन रुळांच्या मांडणीवर ठेवली तर शॉर्टसर्किट होते. काही युरोपीय कंपन्या एकच इंजिन दोन्ही प्रकारांत विकतात, म्हणून खोक्यावर ‘टू-रेल’ किंवा ‘डीसी’ पाहूनच घ्यावे.

तिसरी बाब कराची. भारताने खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले होते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही लागू आहे. दुकानदाराने आयात केलेला माल आणि घरी मागवलेले पार्सल यांची आकारणी वेगळी होऊ शकते, दरही बदलतात. त्यामुळे संकेतस्थळावरची किंमत म्हणजे अंतिम किंमत समजू नये. मागवण्याच्या दिवशीचा दर पाहून हिशेब करावा. परत पाठवणेही महाग पडते, म्हणून चाचणीचा व्हिडीओ इथे आणखी गरजेचा.

जुने इंजिन घेणे शहाणपणाचे आहे का?

असू शकते. चांगल्या बनावटीचे वापरलेले इंजिन नव्या सुमार इंजिनापेक्षा केव्हाही सरस. मात्र तीन दोष तपासावेत. चाकांच्या दांड्यावरचा प्लॅस्टिक गिअर वर्षांनुवर्षांत तडकतो. ‘टक-टक’ आवाज त्याचाच. जुने ग्रीस घट्ट झालेले असेल तर इंजिन अडखळते, पण ते साफ करता येते. तिसरा दोष असाध्य : जस्ताच्या मिश्रधातूत अशुद्धी असल्यास चौकट फुगते, भेगाळते आणि तिचा भुगा होतो. असे इंजिन फुकट मिळाले तरी घेऊ नये.

निगा राखतानाही साधी पथ्ये पुरतात. प्लॅस्टिकला चालणारे तेल, तेही थेंबभर. घरातले खोबरेल तेल थंडीत गोठते, ते गिअरमध्ये घालू नये. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात पोलादी रूळ गंजतात. निकेल-सिल्वरचे रूळ थोडे महाग असले तरी तेच घ्यावेत. खराब रुळावर सर्वोत्तम इंजिनही अडखळते.

मग दिसण्याला काहीच किंमत नाही का?

आहे. काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी इंजिन घेणाऱ्याला मोटरशी कर्तव्य नसते. त्याने बारीक तपशील, रंग आणि अक्षरांची सुबकता पाहावी. लहान मुलांचे गणितही वेगळे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती नाजूक कठडे असलेले एचओ इंजिन देण्यापेक्षा लाकडी किंवा बॅटरीची दणकट गाडी बरी. पण ज्याला गाडी चालवायची आहे, त्याच्यासाठी देखणे पण अडखळणारे इंजिन हा रोजचा मनस्ताप असतो. रंग पुन्हा देता येतो, आवाज नंतर बसवता येतो, तुटलेला कठडा चिकटवता येतो. वाईट यंत्रणा मात्र बदलावीच लागते आणि तो खर्च नव्या इंजिनाच्या जवळ जातो.

थोडक्यात, पहिले इंजिन चार अॅक्सलचे डिझेल असावे, सर्व चाकांना ताकद आणि सर्व चाकांतून वीज असावी, आत फ्लायव्हील असावे, ते डीसीसी-रेडी असावे आणि किमान त्रिज्या आपल्या टेबलाला मानवणारी असावी. नामवंत कंपन्यांच्या मधल्या किमतीच्या गटात अशी इंजिने मिळतात. सर्वांत महाग घेण्याची गरज नाही आणि सर्वांत स्वस्त घेऊन बचतही होत नाही. दुकानात गेल्यावर ‘हे किती पळते?’ असे विचारण्याऐवजी ‘हे किती हळू चालते ते दाखवा’ असे म्हणावे आणि मोबाइलवर वीस सेकंद मोजावेत.